चिमटा मोडलेल्या माणसाचं गाव

"मामा, उतर आणि चाल. लाजू नकोस, १९१० साली इथून जो पहिला वर गेला तोही थोडा चालतच गेला होता," असं म्हणून भाचा स्वतः मात्र सायकल हाणत पुढच्या वळणाआड गेला. शेजारी किलोमीटरचा दगड होता. फ्रान्समधल्या घाटांत या दगडांवर माथा किती लांब आहे ते लिहितातच, शिवाय पुढचा एक किलोमीटर सरासरी किती टक्के चढाचा आहे तेही लिहितात. दमलेल्या माणसाला ही माहिती कोणी विचारलेली नसते. माझ्या दगडावर नऊ टक्के होते. मी उतरलो.

घाटाचं नाव तुरमाले. स्पेनच्या सरहद्दीवरच्या पिरेनीज डोंगरातला हा घाट आम्ही ६ जुलै २०२३ ला, गुरुवारी, चढत होतो. त्या दिवशी 'टूर द फ्रान्स' या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीचा सहावा टप्पा तार्ब ते कोतरे असा होता आणि शर्यत दुपारी याच रस्त्याने वर जाणार होती. भाचा तुलुझला नोकरीला आहे. "नुसती टीव्हीवर काय बघतोस, सायकलने जाऊन बघू," हा त्याचा आग्रह. भाड्याची सायकल, राहायची खोली, सगळं त्यानेच ठरवलं होतं. पाय फक्त माझे होते.

घाटाची उंची २११५ मीटर. आकडा डोक्यात शिरावा म्हणून सांगतो: आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा ४६९ मीटर उंचावरून इथे डांबरी रस्ता जातो. पूर्वेकडून चढ १७ किलोमीटरचा आणि उंची कमवायची साडेबाराशे मीटरहून जास्त. खोपोलीहून खंडाळ्याला सायकलने गेलेल्यांनी बोरघाट एकावर एक दोनदा ठेवावा आणि वर थोडा शिल्लक धरावा.

 एका क्रीडा दैनिकाने खप वाढवायला १९०३ साली टूर सुरू केली. पिरेनीजचे हे उंच घाट तिच्यात १९१० ला आले, ते त्याच दैनिकातल्या आल्फोन्स स्टेनेस नावाच्या माणसाच्या एका थापेमुळे. रस्ता बघायला हा गृहस्थ बर्फ असताना निघाला. मोटार वर अडकली, अंधारात पायी चालत चुकला, रात्री खालच्या गावकऱ्यांना सापडला. सकाळी त्याने पॅरिसला संपादकांना तार केली की तुरमाले ओलांडला, रस्ता उत्तम, सायकली सहज जातील. मला आपल्या बोरघाटातला शिंग्रोबा आठवला. त्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून जीव गमावला, असं आपल्याकडे सांगतात. स्टेनेसने वाट न दाखवताच काम भागवलं. त्या वर्षी ऑक्ताव्ह लापीझ तुरमालेवर पहिला पोहोचला, थोडा चालत. पुढच्या घाटात त्याने आयोजकांना तोंडावर 'खुनी' म्हटलं आणि शेवटी शर्यतही तोच जिंकला. १९१७ मध्ये तो पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान उडवताना गेला. माथ्यावर त्याचा मोठा धातूचा पुतळा आहे. दर जूनमध्ये तो ट्रकवर चढवून वर नेतात, मागे शेकडो सायकलस्वार असतात, आणि थंडीआधी पुन्हा खाली आणतात. देव माहेरी आणावा तसा.

पण मला सांगायचंय ते माथ्याबद्दल नाही, पायथ्याबद्दल.

आदल्या रात्री आम्ही कांपां गावात राहिलो. पाटीच्या दगडाची काळी छपरं, जुनी लाकडी मंडई, गायीमेंढ्यांची कुरणं. संध्याकाळी गल्लीत शिरलो तर एका बाकावर म्हातारा-म्हातारी बसलेले. मी मान लवून 'बोंझूर' म्हटलं. भाचा हसायला लागला. ती कापडाची माणसं होती. या बाहुल्यांना 'मुनाक' म्हणतात. पूर्ण माणसाएवढ्या, चिंध्या आणि गवत भरलेल्या, अंगात खरे जुने कपडे. उन्हाळ्यात त्या खिडक्यांत, ओट्यांवर, दुकानांच्या दारात बसवतात. एक बाई धुणं वाळत घालत होती, एक जण पायऱ्यांवर दारू पिऊन लवंडला होता. मूळ कल्पना मात्र इतकी गोंडस नव्हती. विधुराने पोरसवदा मुलीशी लग्न केलं किंवा गावच्या मुलीने परका नवरा केला, की गावातली पोरं अशी बाहुली करून त्या घराची चारचौघांत चेष्टा करायची. नागपूरच्या मारबत-बडग्यांचेच हे चुलतभाऊ. आता चेष्टा गेली आणि बाहुल्या पर्यटकांसाठी उरल्या. ज्या बाईंकडे आम्ही राहिलो त्यांनी एका मुनाकला आपल्या दिवंगत यजमानांचा कोट चढवला होता. "त्यांना नाहीतरी बसून रस्ता बघायला आवडायचं," असं त्या म्हणाल्याचं भाच्याने सांगितलं.

कांपांहून सहा किलोमीटरवर सेंत-मारी-द-कांपां. गाव म्हणजे एक तिठा. एक रस्ता आस्पँच्या घाटाकडे, एक तुरमालेकडे, एक खाली. चर्च, दोनचार कॅफे, थोडी घरं. सकाळी आठला तिथे सायकलवाल्यांची जत्रा होती. बाटल्या भरायच्या, केळी खायची आणि चढाला लागायचं. त्या गर्दीत एका साध्या घराच्या भिंतीवरची पाटी क्वचितच कोणी वाचत होतं. पूर्वी तिथे लोहाराची भट्टी होती.

१९१३ साली टूरचा सहावा टप्पा बायोनहून ल्युशाँला होता, एका दमात ३२६ किलोमीटर. उजेन क्रिस्तोफ नावाचा गडी तुरमाले पलीकडून चढून या बाजूला उतरत होता आणि एकूण वेळेच्या हिशेबाने तो तेव्हा सगळ्यांच्या पुढे निघाला होता. उतारात सायकलचा पुढचा चिमटा मोडला. तेव्हा नियम असा की स्वाराने स्वतःची सायकल स्वतःच दुरुस्त करायची. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही आणि दुसरी सायकलही घ्यायची नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली, सुटलेलं चाक हातात घेतलं आणि रडत रडत डोंगर उतरला. दहा किलोमीटरहून कमी नाही. मागचे एकेक जण त्याला ओलांडून गेले.

सेंत-मारीत एका मुलीने त्याला लोहाराचं घर दाखवलं. लोहार मदतीला तयार होता, पण शर्यतीचे पंच दारात उभे. ऐरण वापर, हातोडा वापर, हात मात्र तुझेच हवेत. क्रिस्तोफ मुळात कुलपं बनवणारा कारागीर, लोखंड त्याला परकं नव्हतं. लोहार तोंडाने सांगत होता आणि हा तापवत, ठोकत, जोडत होता. सुमारे तीन तास गेले. पंचांपैकी एकाला भूक लागली आणि तो जेवायला जाऊ का म्हणाला, तेव्हा क्रिस्तोफने त्याला कोळसे खायला सांगितलं असं म्हणतात. हे खरं नसलं तरी असायला हवं. फक्त एका गोष्टीला त्याचे दोन हात पुरेनात. तुकडा आगीत धरायचा आणि भाताही ओढायचा हे एका माणसाला जमत नाही. तेवढा भाता लोहाराकडच्या पोराने ओढला. त्याबद्दल पंचांनी त्याला दहा मिनिटांचा दंड केला, पुढे तो तीन मिनिटांवर आणला. तीन तास ज्याचे गेले त्याला तीन मिनिटांचा दंड!

तरी तो निघाला, पुढचे घाट चढला आणि त्या रात्री ल्युशाँला पोहोचला. ती टूर फिलिप तीसने जिंकली, क्रिस्तोफ सातवा आला. १९१९ मध्ये, एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याला देतात ती टूरची पहिली पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर चढली आणि शेवट दोन टप्प्यांवर असताना चिमटा पुन्हा मोडला. टूर त्याला कधीच मिळाली नाही.

ती पाटी वाचताना मला आमच्या गल्लीतला सायकलवाला आठवत होता. चिमटा वाकला की तो चाक काढायचा, चिमट्याच्या एका पायात लोखंडी पाइप घालायचा, फ्रेम दोन मांड्यांत दाबून धरायचा आणि एक डोळा मिटून पाइप हळूच ओढायचा. माप-बिप काही नाही. मग बोट फिरवून म्हणायचा, "झाला." तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, कैची मारत शिकलेल्या आमच्या पिढीतल्या निम्म्या सायकली त्याच्या मांड्यांतून गेल्या होत्या. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. सेंत-मारीतही भट्टी नाहीच, पाटी आहे. पण पाटी तरी आहे. १९५१ मध्ये ती लावली तेव्हा म्हातारा क्रिस्तोफ स्वतः हजर होता. गावात आता त्याचा पुतळाही आहे, हातात चिमटा उंच धरलेला.

शर्यतीचं काय? ला मोंजीच्या वर, माथा तीनेक किलोमीटर असताना पोलिसांनी सगळ्यांना उतरवलं आणि आम्ही गवतात बसलो. ला मोंजी म्हणजे बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या इमारती. इतक्या देखण्या डोंगरात इतकं कुरूप गाव वसवायलाही मेहनत लागत असणार. शेजारी बास्क पोरांचा घोळका, पलीकडे तीन दिवसांपासून घरासारखी गाडी लावून बसलेलं बेल्जियन जोडपं. त्यांनी आम्हाला चीज दिलं, आम्ही भाकरवडी दिली. आधी जाहिरातींच्या गाड्या आल्या, टोप्या आणि गोळ्यांची उधळण करत. सत्तरीतले गृहस्थ एका किचेनसाठी रस्त्यावर आडवे झाले. मग हेलिकॉप्टर दिसलं, ओरडा खालून वर सरकत आला, आणि योनास विंगेगोर आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला. मागे त्याच्या चाकाला चिकटून तादेय पोगाचार. दोघांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी मघाशी ज्या चढावर ढकलत आलो त्यावर ते वाऱ्यासारखे गेले. पिवळ्या जर्सीतला हिंडली बराच मागे पडला होता. संध्याकाळपर्यंत जर्सी विंगेगोरकडे आणि टप्पा पोगाचारकडे गेला.

परतताना क्रिस्तोफ चालला तोच उतार आम्ही ब्रेक दाबत अर्ध्या तासात उतरलो. कॅफेवाली खुर्च्या आत घेत होती. "गेली शर्यत," ती म्हणाली, "उद्या पुन्हा मेंढ्या."

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खंडाळ्याचा चढ पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात.  पण जुन्या घाटात यांतल्या एकाही राजाच्या नावाचा दगड माझ्या पाहण्यात नाही. शिंग्रोबाच्या देवळाजवळ एक पाटी लावायला फार खर्च येऊ नये. कोणीतरी मनावर घ्यावं.

तुरमालेला जायचं तर जून ते सप्टेंबर. बाकीचे बरेच महिने बर्फाने रस्ता बंद असतो. तुलुझहून तार्बपर्यंत रेल्वे आहे. शर्यत बघायला तिकीट लागत नाही, सकाळी लवकर वर जाऊन बसावं लागतं. सेंत-मारीत पाणी भरताना ती पाटी वाचा, आणि निघण्याआधी पुढचा चिमटा एकदा हाताने हलवून बघा.