मित्राला विकलेले विमान

15 ऑक्टोबर 2024 रोजी दिल्लीत दोन करारांवर सह्या झाल्या. त्यांतील एक करार भारत सरकार आणि अमेरिकेचे सरकार यांच्यामध्ये झाला. दुसरा जनरल अॅटॉमिक्स या अमेरिकन कंपनीच्या भारतातील शाखेशी झाला. पहिल्या करारान्वये आपले सरकार एमक्यू-9बी जातीची 31 वैमानिकरहित विमाने घेणार आहे. 15 नौदलाला, 8 भूदलाला आणि 8 हवाई दलाला. दुसरा करार त्यांच्या देखभालीचा व दुरुस्तीचा आहे. एकूण किंमत सुमारे 32 हजार कोटी रुपये असल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. एवढी मोठी खरेदी झाली, परंतु विमाने बनविते कंपनी आणि विकते सरकार, हा काय प्रकार आहे, असे फार थोड्यांनी विचारले. आम्हा संघटनेच्या माणसांना करार वाचण्याची खोड असते. सही कोणाची आहे हे आम्ही आधी पाहतो, कारण उद्या तक्रार घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे हे तेथेच ठरलेले असते.

आधी वस्तू कोणती ते समजून घेऊ. ड्रोन म्हटले की आपल्याकडे लग्नातील फोटोचे किंवा कापसावर औषध फवारण्याचे यंत्र डोळ्यांपुढे येते. हे त्या जातीचे नव्हे. याच्या पंखांचा पसारा 79 फूट आहे. चाळीस हजार फुटांच्या वर जाऊन ते चाळीस तासांपर्यंत आकाशात राहू शकते. चालविणारा जमिनीवर, कित्येकदा शेकडो कोस दूर, पडद्यासमोर बसलेला असतो आणि त्याचा हुकूम उपग्रहामार्फत विमानाला पोचतो. त्याचे मुख्य काम पाहणे हेच आहे. समुद्रावर कोणते जहाज कोठे चालले, डोंगराच्या पलीकडे कोणती हालचाल आहे, हे ते दिवसरात्र पाहत राहते. पण त्याला क्षेपणास्त्रेही लावता येतात. अमेरिकेने आपल्या विक्रीच्या सूचनेत 31 विमानांबरोबर 170 हेलफायर क्षेपणास्त्रे आणि 310 लहान बाँब मोजून लिहिले आहेत. तेव्हा ही नुसती दुर्बीण आहे असे कोणी म्हणू नये.

आता विक्रीची रीत. आपल्याच तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे बैलजोडी घेताना मध्ये दलाल असतो, उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो, पैसे मोजले, दावे हाती आले की व्यवहार संपला. विकणारा पुन्हा आपल्या गोठ्यात येऊन, बैल नांगराला जुंपला की गाडीला, हे पाहत नाही. सरकारी शस्त्रविक्री याच्या अगदी उलट आहे. तेथे दावे हाती आल्यावर खरा व्यवहार सुरू होतो.

अमेरिकेत 1976 चा शस्त्रनिर्यात नियंत्रणाचा कायदा आहे. त्याखाली घेणारा देश प्रथम मागणीपत्र पाठवितो. मग अमेरिकेचे संरक्षण खाते किंमत, मुदत आणि अटी लिहून देकारपत्र देते, आणि त्यावर घेणाऱ्याने सही केली की करार झाला. पैसे कंपनीला जात नाहीत. ते अमेरिकन सरकारच्या एका विश्वस्त खात्यात जमा होतात आणि ते सरकार कंपनीशी स्वतंत्र करार करून तिचे बिल भागविते. या मध्यस्थीबद्दल ते सरकार व्यवस्थापनाचा आकार घेते. 2018 पासून तो 3.2 टक्के आहे. विक्रीत सरकारने नफा करू नये आणि तोटाही सोसू नये असे त्यांच्या कायद्याचे तत्त्व आहे. कंपनीचा नफा मात्र तिच्या किमतीत असतोच. तो कोणी सोडीत नाही.

या रीतीचा घेणाऱ्याला फायदा नाही असे नाही. दलाल राहत नाही. 1987 साली स्वीडनच्या रेडिओने बोफोर्स तोफांच्या दलालीची बातमी दिली आणि त्यानंतर कित्येक वर्षे आपले राजकारण त्या एका शब्दाभोवती फिरले. हे ज्यांना आठवते त्यांना सरकारने सरकारकडून घेण्यातील सोय पटकन कळेल. आणि आपल्या भागाला तर कागदाविना चाललेला शस्त्रव्यापारही ठाऊक आहे. 1948 साली सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून बंदुका आणि दारूगोळा निजामाच्या राज्यात, बीदर आणि वरंगळला, उतरवीत होता. सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली आणि ते संपले. त्या मालाचा ना कोणा लोकसभेला हिशेब दिला गेला, ना कोणी अट घातली. तेव्हा कागद असणे वाईट नाही. कागदात काय आहे एवढेच पाहायचे.

कागदात तीन गोष्टी आहेत. एक, हे शस्त्र कायदेशीर स्वसंरक्षण, अंतर्गत सुरक्षा आणि अशाच ठरलेल्या कामांसाठी वापरायचे. दोन, विकणाऱ्याच्या संमतीशिवाय ते तिसऱ्याला द्यायचे नाही. तीन, वस्तू सांगितलेल्या कामासाठीच वापरली जाते ना, हे पाहण्याचा विकणाऱ्याला अधिकार आहे. या तिसऱ्या अटीवर आपल्याकडे बरीच वर्षे घासाघीस चालली आणि जुलै 2009 मध्ये दोन्ही सरकारांनी तिचा मसुदा मान्य केला. म्हणजे विमान आपल्या पैशाचे, उडविणारा आपला, पण गोठ्यात डोकावण्याचा हक्क विकणाऱ्याने राखून ठेवला आहे. कोणी म्हणेल, मग स्वातंत्र्य कोठे राहिले? मला हा प्रश्न जरा घाईचा वाटतो. आपण उद्या कोणाला शस्त्र विकू तेव्हा आपणही हीच अट घालावी असे मला वाटते. ती घातली जाते की नाही याकडे पुढे येतो.

येथे 'मित्रदेश' या शब्दाची फोड केली पाहिजे. भारत अमेरिकेचा तहाने बांधलेला दोस्त नाही. 2016 साली अमेरिकेने आपल्याला 'प्रमुख संरक्षण भागीदार' असे नाव दिले. त्याच वर्षी जूनमध्ये आपण क्षेपणास्त्र-तंत्रज्ञानावर निर्बंध घालणाऱ्या राष्ट्रगटात दाखल झालो. 1987 मध्ये निघालेल्या या गटाचा नियम असा की, पाचशे किलोचे ओझे तीनशे किलोमीटरवर नेऊ शकणारे वैमानिकरहित साधन सहसा कोणालाही विकू नये. एमक्यू-9 त्या मापात बसते. जुलै 2020 मध्ये अमेरिकेने आपल्यापुरता अर्थ बदलला आणि ताशी 800 किलोमीटरहून कमी वेगाच्या ड्रोनांना सौम्य वर्गात टाकले. नियम तोच राहिला, वाचणारा बदलला. गिरणीत असो की कारखान्यात, स्थायी आदेशांचे असेच होते, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

किमतीबद्दल जो गोंधळ झाला तोही थोडक्यात सांगतो. जून 2023 मध्ये आपल्या संरक्षण खात्याने अंदाज सांगितला 307 कोटी 20 लक्ष डॉलरचा. 1 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेने आपल्या संसदेला कळविला 399 कोटी डॉलरचा. काहींनी लगेच ओरड केली की मधले नव्वद कोटी कोणी खाल्ले. पहिला आकडा खरेदीला तत्त्वतः मंजुरी देतानाचा अंदाज होता. दुसरा कमाल मर्यादेचा होता. त्यात क्षेपणास्त्रे, सुटे भाग, शिक्षण सगळे धरतात, कारण वर जाणे झाले तर पुन्हा संसदेकडे जावे लागते. आणि करारात पडला तो तिसरा. भाव महाग की स्वस्त याचा वाद रास्त आहे, पण तो सारख्याला सारखे लावून घालावा.

या फेब्रुवारीतील सूचनेतच मला या विषयाचे मर्म दिसते. अमेरिकन सरकारला एवढी विक्री करण्यापूर्वी आपल्या संसदेला कळवावे लागते, आणि आपल्यासारख्या देशाच्या बाबतीत तीस दिवस थांबावे लागते. त्या अवधीत संसद विक्री अडवू शकते. त्याही आधी समित्यांचे अध्यक्ष अनौपचारिकपणे हात धरू शकतात. बेन कार्डिन हे तेव्हा सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते. न्यूयॉर्कमध्ये एका अमेरिकन नागरिकाच्या खुनाचा कट शिजल्याचा जो खटला तेथे नोव्हेंबर 2023 मध्ये उघड झाला, त्याच्या चौकशीचे आश्वासन आपल्या सरकारकडून मिळेपर्यंत त्यांनी ही विक्री रोखून धरली होती. त्यांचे बरोबर की चूक हा भाग निराळा. पण आपण कोणती विमाने, किती, कोणत्या बाँबांसह घेणार हे नांदेडच्या माणसाला प्रथम सविस्तर कळले ते वॉशिंग्टनच्या कागदावरून. आपल्याकडे मंजुरी देते मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती. संसद वर्षाचा खर्च मंजूर करते, एकेका कराराची सूचना तिच्यापुढे ठेवण्याचे बंधन नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपण केवळ घेणारे राहिलेलो नाही. 2024-25 साली भारताची संरक्षण-निर्यात 23,622 कोटी रुपयांची झाली. त्यांतील 15,233 कोटींचा माल खाजगी कारखान्यांचा होता. आपले शेजारचे आणि जुने राजधानीचे शहर हैदराबाद. आपल्याकडची पोरे आजही कामाला पुण्याइतकीच तिकडे जातात. तेथे अदानी आणि इस्रायलची एल्बिट या दोन कंपन्यांच्या भागीदारीतील कारखाना डिसेंबर 2018 मध्ये सुरू झाला आणि त्यात हर्मिस 900 जातीच्या ड्रोनांचे काम चालते. फेब्रुवारी 2024 मध्ये एका परदेशी संरक्षण-नियतकालिकाने बातमी दिली की येथून वीसहून अधिक ड्रोन इस्रायलला गेले. तेव्हा गाझात युद्ध चालू होते. अशी निर्यात सरकारच्या परवान्याशिवाय होत नाही. म्हणजे विकणारी कंपनी असली तरी दार उघडणारे सरकारच. पण तीस दिवसांची सूचना येथे नाही, आणि घेणाऱ्यावर कोणत्या अटी घातल्या हेही लोकांपुढे येत नाही.

त्याच महिन्यात, 14 फेब्रुवारीला, वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन ऑफ इंडिया या बंदर-कामगारांच्या संघटनेने जाहीर केले की इस्रायलला जाणारा किंवा तेथून येणारा शस्त्रांचा माल आमचे लोक चढविणार नाहीत, उतरविणार नाहीत. अकरा मोठ्या बंदरांतील सुमारे साडेतीन हजार कामगार तिच्यात आहेत. पुढे काही निवृत्त अधिकारी, अभ्यासक आणि कार्यकर्ते परवाने थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. 9 सप्टेंबर 2024 रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला; परराष्ट्र धोरण ठरविणे हे आमचे काम नव्हे आणि निर्यात थांबविल्यास कंपन्यांवर करारभंगाचा दोष येईल, असे त्याचे म्हणणे पडले. न्यायालय नाही म्हणाले, संसदेपुढे येत नाही, मग हा प्रश्न विचारायचा कोठे? हमालाने विचारला, एवढेच दिसते.

शस्त्रे घेऊच नका, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मे 2025 मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत तीनशे ते चारशे ड्रोन आपल्या छत्तीस ठिकाणांवर सोडले, आणि सापडलेल्या तुकड्यांवरून ते तुर्कस्तानी बनावटीचे दिसतात असे आपल्या सैन्याने सांगितले. तेही एका मित्राने दुसऱ्या मित्राला विकलेलेच. सीमेवर उभ्या असलेल्या जवानांत आपल्या मराठवाड्याची पोरे आहेत. त्यांना रिकाम्या हाती उभे करा असे कोण म्हणेल?

पण मग पोटाचा प्रश्न येतो, आणि आयटीआय झालेली मुले तोच मला विचारतात: यातून आम्हाला काम किती? पूर्वी परदेशी कंपनीने मोठ्या कराराच्या किमान 30 टक्के रकमेचे काम भारतात द्यावे अशी अट असे. सरकारने सरकारकडून घेतलेल्या मालाला ही अट 2020 च्या खरेदी-नियमावलीत काढून टाकली. त्यामुळे काम येईल ते स्वतंत्र करारांतून. देखभालीचा करार त्यांपैकी एक. पुण्याची भारत फोर्ज कंपनी फेब्रुवारी 2023 पासून जनरल अॅटॉमिक्सशी, ड्रोनच्या मुख्य चाकांच्या सांगाड्याचे भाग बनविण्याच्या कामात जोडली गेली आहे. आणि पूर्णतः देशी काम पाहायचे तर नागपूरकडे पाहावे. तेथील सोलर समूहाच्या कारखान्याने 'नागास्त्र' नावाचे, लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणारे ड्रोन बनविले; 480 ची मागणी होती, त्यांतील 120 जून 2024 मध्ये भूदलाला मिळाले.

त्याच समूहाच्या बाजारगाव येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात 17 डिसेंबर 2023 रोजी स्फोट झाला. नऊ कामगार मेले, त्यांत सहा बाया होत्या. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या सरकारी आयुध-कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. महाराष्ट्रात असे सरकारी कारखाने दहा आहेत. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातील सर्व 41 आयुध-कारखान्यांची सात महामंडळे झाली, आणि त्याला विरोध म्हणून संप होऊ नये यासाठी त्याच वर्षी संसदेने संपबंदीचा कायदा केला. तो एक वर्षाच्या मुदतीचा होता. किती विमाने, किती बाँब, किती डॉलर हे मोजून लिहिणाऱ्या करारांच्या बातम्यांत, हे बनविणाऱ्या हातांना कायम नोकरी की कंत्राट, विमा किती, सुरक्षेची पाहणी कोण करणार, हे मला कोठे आढळले नाही. अमेरिकेच्या तपासनिसाला आपल्या विमानतळावर येऊन विमान पाहण्याचा अधिकार करारात लिहून मिळतो. कामगारांच्या प्रतिनिधीला कारखान्यात जाऊन दारू भरण्याची खोली पाहण्याचा अधिकार तसाच लिहून मिळावा, ही मागणी आम्ही आता लावून धरणार आहोत. 31 विमाने 2029 पासून येऊ लागतील अशी अपेक्षा आहे. तोवर वेळ आहे.