डायनोवरचा आकडा: ३२० हॉर्सपॉवर नक्की कोणाचे?

१९९९ साली अमेरिकेत फोर्डने नवी मस्टँग एसव्हीटी कोब्रा विकायला काढली. ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३२ व्हॉल्व्ह आणि जाहिरातीत आकडा ३२० हॉर्सपॉवर. आधीच्या कोब्राला कंपनी ३०५ सांगायची, म्हणजे १५ची वाढ. पण काही मालकांना ही वाढ जाणवेना. गाड्या डायनोवर, म्हणजे डायनॅमोमीटरवर चढल्या आणि आकडे कमी आले. शेवटी ऑगस्ट १९९९मध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. इनटेक मॅनिफोल्ड, मागचा एक्झॉस्ट आणि इंजिनचा कॉम्प्युटर बदलून दिला. २००० सालची नेहमीची कोब्रा तर बाजारात आलीच नाही.

गोष्ट सरळ वाटते ना? कंपनीने जास्त सांगितलं, मशीनने कमी दाखवलं, कंपनी चुकली. पण संशोधनाची तयारी करत असाल तर इथे जरा थांबा. कंपनीचा ३२० हा इंजिनच्या क्रँकशाफ्टवरचा आकडा. मालकांनी मोजली ती चाकांवरची शक्ती. दोन वेगळ्या राशी. चाकांवर ३२० आले नाहीत एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ते तसे येणारच नव्हते. मग मालकांचं म्हणणं खरं ठरवायला नेमका कोणता पुरावा लागतो?

डायनो मोजतो तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे डायनो शक्ती थेट मोजत नाही. मेकॅनिकलवाल्यांनी प्रयोगशाळेत रोप ब्रेक डायनॅमोमीटर पाहिला असेल. फिरत्या ड्रमभोवती दोर, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग काटा. दोन्हींतल्या फरकावरून टॉर्क काढायचा, आरपीएम मोजायचे आणि गुणाकार करायचा. गॅस्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने १८२१ साली केलेल्या ब्रेकचंच हे भावंड. टॉर्क फूट-पाउंडमध्ये असेल तर टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२ म्हणजे हॉर्सपॉवर.

अख्खी गाडी चढवायच्या चासी डायनोचे मुख्य प्रकार दोन. एकात रोलरला एडी करंटचा ब्रेक लावून गाडीवर भार टाकतात. दुसऱ्यात, म्हणजे इनर्शिया डायनोत, ब्रेकची गरजच नसते. जड रोलरचं जडत्व आधीच ठाऊक असतं. गाडीने तो किती झपाट्याने वेग घेतला एवढंच मोजायचं. उदाहरण घेऊ. समजा रोलरचं परिणामी वस्तुमान १००० किलो आहे, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ३० मीटर आणि त्या क्षणी त्वरण ६ मीटर प्रति सेकंद वर्ग. तिन्हींचा गुणाकार १,८०,००० वॉट. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४५.७ वॉट, म्हणून उत्तर साधारण २४१ हॉर्सपॉवर.

म्हणजे मोजले फक्त वेग आणि वेळ. बाकी सगळं गणित आणि गृहीतकं. ‘मोजलं’ आणि ‘काढलं’ यातला फरक पहिल्या दिवसापासून वहीत वेगळा लिहायची सवय लावा.

इंजिनचे की चाकांचे?

क्रँकशाफ्टपासून रस्त्यापर्यंत येताना शक्ती गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांत झिजते. इनर्शिया डायनोवर थोडी शक्ती फ्लायव्हील आणि चाकं यांचा स्वतःचा वेग वाढवण्यातही जाते. गॅरेजवाले याला एक सोपा हिशोब लावतात: १५ टक्के धरा. पण हा १५चा आकडा निसर्गनियम नाही. तो गाडीगणिक, गिअरगणिक, अगदी तेलाच्या तापमानाप्रमाणेही बदलतो.

आता गंमत बघा. समजा एखाद्या कोब्राच्या चाकांवर २५५ हॉर्सपॉवर आले (आकडा माझा, समजण्यापुरता). १५ टक्के घट धरली तर इंजिनचे होतात ३००, म्हणजे कंपनी २०ने खोटी. २० टक्के धरली तर होतात ३१९ च्या आसपास, म्हणजे कंपनी जवळजवळ खरी! मोजमाप तेच, निकाल उलटा. सगळा निकाल आपण न मोजलेल्या एका आकड्यावर टांगलेला आहे.

अमेरिकन मसल कारच्या जगाला हा घोळ नवा नव्हता. १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून जो जमाना सुरू झाला, त्यातले आकडे ‘ग्रॉस’ असायचे. इंजिन गाडीबाहेर टेस्ट बेंचवर ठेवायचं. पंखा, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर असलं काही लावायचं नाही. १९७१मध्ये जनरल मोटर्सने ग्रॉस आणि नेट असे दोन्ही आकडे दिले. कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनचे ग्रॉस ३३०, नेट २७५. एकच इंजिन, एकच वर्ष, फरक ५५चा. इंजिनात काडीचाही बदल नाही, बदलली ती फक्त व्याख्या. १९७२पासून अमेरिकेत नेट आकडे रूढ झाले. म्हणूनच १९७०ची आणि १९७२ची गाडी नुसत्या आकड्यांवरून शेजारी ठेवून ‘शक्ती एवढी घसरली’ म्हणणं चुकीचं आहे. प्रदूषणाचे नियम आणि कमी केलेलं कॉम्प्रेशन यांमुळे थोडी खरी घट झाली होती, पण बरीचशी कागदावरची होती.

हवाही मोजावी लागते

थंड, दाट हवेत इंजिनला जास्त ऑक्सिजन मिळतो, शक्ती वाढते. म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर आकडा प्रमाणित हवेला दुरुस्त करून देतं. एसएई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेचं जे १३४९ मानक २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरतं. जुनी ‘एसटीडी’ पद्धत सुमारे १५.५ अंश आणि समुद्रसपाटीचा दाब धरते. त्यामुळे एसटीडीचा आकडा साधारण ४ टक्क्यांनी जास्त दिसतो. २५५ वर हेच झाले १०. एका बटणाने दहा हॉर्सपॉवर वाढले! आणि इथे भांडण होतं अवघ्या १५चं.

मग मार्ग काय?

घट ठाऊक नसेल तर ती रद्द होईल अशी तुलना रचायची. पहिली कल्पना: ३०५वाली जुनी कोब्रा आणि ३२०वाली नवी, दोन्ही एकाच डायनोवर, एकाच दिवशी, एकाच दुरुस्ती पद्धतीने मोजा. निरपेक्ष आकडे चुकले तरी दोन्हींत सारखेच चुकतील आणि फरक तेवढा खरा उरेल. कंपनी खरी असेल तर नवी गाडी पुढे दिसायला हवी.

पण इथेही एक मेख आहे. १९९९च्या कोब्रात मागचा सलग अ‍ॅक्सल काढून दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं होतं. म्हणजे शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणाच बदलली. नवी गाडी मागे पडली तर दोष इंजिनचा की मागच्या नव्या यंत्रणेचा? तुलना करताना दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील तर उत्तर कोणाच्या नावावर लिहायचं ते कळत नाही. तुमच्या व्हायव्हात परीक्षक नेमकं हेच विचारणार, लक्षात ठेवा.

याहून चांगली तुलना दुरुस्तीनेच हातात दिली. तीच गाडी दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर, त्याच डायनोवर मोजायची. गिअरबॉक्स तोच, डिफरन्शियल तेच, टायर तेच. बदललं काय, तर इंजिनचं श्वास घेणं, सोडणं आणि त्यावर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटर. आता वाढ दिसली तर ती दुरुस्तीचीच. अट एवढीच की प्रत्येक वेळी तीन-चार रन घ्यायचे, इंजिनचं तापमान, टायरमधली हवा आणि गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताण सारखा ठेवायचा. त्याच गाडीच्या लागोपाठच्या रनमध्ये ५ हॉर्सपॉवर इकडेतिकडे होत असतील, तर ३च्या वाढीवर शोधनिबंध लिहू नका.

तरीही एक गोष्ट उरते. ही तुलना ‘वाढ झाली’ एवढंच सांगते, ‘३२० झाले’ असं नाही. निरपेक्ष दावा तपासायचा तर इंजिन बेंचवर, मानकाप्रमाणे आणि तिऱ्हाइतासमोरच मोजायला हवं. २००५मध्ये एसएईने तेच केलं: स्वतंत्र साक्षीदार समोर असेल तरच आकडा ‘प्रमाणित’. कंपन्यांवर सक्ती नव्हती, स्वेच्छेचा मामला. या पद्धतीने सर्वांत आधी प्रमाणित झालं २००६च्या कॉर्व्हेट झी-०६चं ७ लिटरचं इंजिन, ५०५ हॉर्सपॉवर.

थोडक्यात, तुमचा विषय इंजिन असो, माती असो की रक्तातली साखर, निकालाच्या तक्त्यात आकडा भरण्याआधी चार गोष्टी लिहा: कुठे मोजलं, कोणत्या व्याख्येने, काय दुरुस्ती लावून, आणि पुन्हा मोजल्यावर किती हललं. यातली एक जरी जागा रिकामी राहिली तरी त्या आकड्यावर दोन माणसं तासन्‌तास भांडू शकतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.