हरवलेली फाइल आणि संशयित फाइल

सुटीत घरी गेलेले विद्यार्थी बोरगाव मेघे येथे आम्हांस दूरध्वनी करतात, तेव्हा अभ्यासापेक्षा संगणकावरील खेळांच्याच शंका अधिक असतात, हे आरंभीच मान्य करतो. 'अमुक डीएलएल सापडत नाही' अशी पाटी पडद्यावर येते आणि खेळ सुरूच होत नाही, ही त्यांतील नित्याची तक्रार.

डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरावयाचा सूचनासंग्रह. वर्गात एकच शब्दकोश असावा व तो सर्वांनी पाहावा, तसा हा प्रकार. तो संगणकात आधीच असेल असे खेळ गृहीत धरतो. नसला की अडतो.

तेव्हा फाइलच्या नावावरून तिचे मूळ शोधावे. 'एमएसव्हीसीपी१४०' वा 'व्हीसीरनटाइम१४०' असे नाव असल्यास मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल संच हवा. 'डी३डीएक्स९'ने आरंभ होणारे नाव असल्यास डायरेक्टएक्सचा जून २०१० चा संच हवा; विंडोज ११ मध्ये नवे डायरेक्टएक्स असले तरी हे जुने भाग त्यात येत नाहीत. दोन्ही संच मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सुटी फाइल आणून हाताने ठेवू नये. ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टम३२' या फोल्डरात ६४-बिट फाइली असतात आणि 'सिसवाव६४'मध्ये ३२-बिट! या उलट्या नावांनी जाणतेही फसतात.

खरा धोका मात्र सुटी डीएलएल फुकट देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांत आणि पेनड्राइव्हवरून हिंडणाऱ्या 'क्रॅक' खेळांत आहे. अशा खेळांत मूळ फाइल काढून बदललेली बसवलेली असते, आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचनाही सोबत असते. आमच्या परिचयातील एका मुलाने ती पाळली. खेळ उत्तम चालला. पण ब्राउझरमध्ये साठवलेला ई-मेलचा पासवर्ड चोरीस गेला. शिष्यवृत्तीच्या अर्जास तोच ई-मेल जोडलेला होता, त्यामुळे अर्जाची मुदत हुकता हुकता राहिली.

अँटिव्हायरसने अडवलेली प्रत्येक फाइल विषारीच असते असे नाही. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये डिजिटल स्वाक्षरी कोणाची आहे ते पाहावे. 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर तीच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी तपासता येते. खासगी कागदपत्रे मात्र तेथे चढवू नयेत. खेळ अधिकृतपणे घेतलेला असेल तर 'स्टीम'सारख्या ठिकाणी फाइलींची पडताळणी करून बिघडलेली तेवढी पुन्हा उतरवता येते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी पुण्यातील दुरुस्तीच्या दुकानातून 'क्विक हील' उभे केले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील व्हायरस, हेच त्याचे निमित्त.

संशयित फाइल चालवून झालीच असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ई-मेल व बँकेचे पासवर्ड बदलावेत. 'सायबर स्वच्छता केंद्र' या शासकीय संकेतस्थळावर सफाईची साधने विनामूल्य आहेत. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, आणि मुलावर रागावणे त्यानंतर.