नवा संगणक घेण्यापूर्वी

घरात नवा संगणक आणावयाचे ठरले म्हणजे पहिला प्रश्न हटकून निघतो तो असा, की 'आय-फाइव्ह घ्यावा की आय-सेव्हन?' स्थळ पाहावयास जाऊन मुलाचे वय, शिक्षण, प्रकृती यांपैकी कशाचीही चौकशी न करता केवळ आडनाव विचारून परत यावे, तशातलाच हा प्रकार होय.

आम्हीही एकदा असेच फसलो, हे कबूल केले पाहिजे. २०२१ साली शाळांना कुलुपे होती व मुलांचे वर्ग घरात भरत होते. त्या घाईत जवळच्या एका मोठ्या शहरातील दुकानातून आम्ही सतरा हजार रुपयांस एक संगणक आणला. "आय-फाइव्ह आहे, डोळे मिटून न्या," असे दुकानदार म्हणाला, आणि आम्ही खरोखरच डोळे मिटून नेला. पुढे पुतण्याने पेटी उघडून पाहिली तेव्हा कळले, की आतील प्रोसेसर 'आय-फाइव्ह ३४७०' हा २०१२ सालचा असून यंत्र कोठल्या तरी कचेरीत झिजून आलेले होते. रॅम अवघी ४ जीबी, आणि साठवणीस जुनी फिरती हार्ड डिस्क. ते सुरू करावे, स्नान-संध्या आटोपून यावे, तो कोठे पडद्यावर काही उमटलेले असे!

हसण्यावारी नेण्यासारखे हे राहिले नाही ते नातीच्या बारावीच्या वर्षी. घड्याळ लावून ती सराव-परीक्षा सोडवीत असता वीज गेली व दुसऱ्याच मिनिटास आली. पण संगणक पुन्हा सावध होईपर्यंत तिची वेळ संपून गेली. तिने तक्रार केली नाही. मुकाट्याने आईचा मोबाइल घेऊन ती माडीवर गेली, आणि पुढचे सारे पेपर तिने त्या चार बोटांच्या पडद्यावर सोडविले. हे आमच्या मनास फार लागले. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० ची नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज-११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय 'टीपीएम २.०' नामक सुरक्षेची सोय लागते. आमचे यंत्र तिसऱ्या पिढीचे. तेव्हा नवीन घेणे भागच पडले.

पिढी ओळखावयाची ती अशी. ३४७० यातील पहिला ३ हा पिढीचा अंक. दहाव्या पिढीपासून पहिले दोन अंक पाहावेत. 'आय-थ्री १२१००' हा बाराव्या पिढीचा. नावाने धाकटा असलेला हा आय-थ्री आमच्या त्या थोरल्या आय-फाइव्हहून कितीतरी चपळ आहे. अंकानंतरचे अक्षरही वाचावे. '१२१०० एफ' थोडा स्वस्त मिळतो. पण त्या 'एफ'चा अर्थ असा, की पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय त्यात नाही. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. चार पैसे वाचविण्यास जावे आणि कार्डापायी अनेक पटींनी घालवावेत, असे तेथे होते.

या खेपेस आम्ही दुकानात जाण्यापूर्वी रात्री जेवणे झाल्यावर सर्वांच्या गरजा एका कागदावर उतरविल्या. नातीस व्याख्याने व सराव-परीक्षा, धाकट्या सूनबाईंस हिशेबाची कामे, थोरल्या बंधूंस जुन्या पोथ्यांची छायाचित्रे पाहणे व मराठी टंकलेखन. पुतण्याने हळूच खेळांचा विषय काढला, परंतु तसले ग्राफिक्स कार्ड उरलेल्या साऱ्या संगणकाच्या किमतीस जाऊन भिडते असे दिसताच त्यानेच तो मागे घेतला. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तीस २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांना जमिनीचा कंप बाधू नये, म्हणून शांत जागा हुडकली गेली. काम आधी ठरले, जागा मागाहून. घरच्या पेटीसही हाच क्रम लावावा.

अशा कामांस आय-थ्रीच्या तोडीचा अलीकडचा प्रोसेसर पुरे. वाचलेला पैसा साठवणीकडे वळवावा. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्याने जो फरक पडतो, तो प्रोसेसर बदलूनही पडत नाही. तीत फिरणारा भागच नसतो. ५१२ जीबीची एसएसडी घरास पुष्कळ झाली. रॅम १६ जीबी असावी. मात्र २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर भडकले. म्हणून हात आखडता असल्यास ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी, पण मदरबोर्डावर दुसरी खाच रिकामी आहे ना, हे स्वतः पाहावे. डीडीआर-४ व डीडीआर-५ या जाती परस्परांच्या खाचेत बसत नाहीत, हेही ध्यानी असू द्यावे.

आता विजेसंबंधी. आमच्या भागात दिवा क्षणात मंद, क्षणात प्रखर होतो, आणि वळवाच्या दिवसांत तर विचारूच नये. असे असता दुकानदार पेटीबरोबर जो एसएमपीएस जवळजवळ फुकट देतो, त्याकडे कोणी पाहत नाही! घरादाराची वीज ज्याच्या हातून संगणकास पोचावयाची, तो भाग नामांकित कंपनीचा व '८० प्लस' खुणेचा असावा. ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक शंभर वॅटच्या आसपास वीज खातो; ६०० व्हीए चा युपीएस त्यास दहा-पंधरा मिनिटे सहज तारतो. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून युपीएस नको, हा समज बरोबर नाही. पुष्कळ इन्व्हर्टर साध्या स्थितीत पंख्या-दिव्यांपुरते ठीक चालतात. पण वीज बदलण्यास त्यांस जो किंचित वेळ लागतो, तेवढ्यात संगणक मान टाकतो. इन्व्हर्टरवर 'युपीएस' असे बटण असल्यास ते त्या बाजूस ठेवावे. पेटीस हात लावताच झिणझिण्या आल्या तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आमच्या घरी ते वर्षानुवर्षे तुटलेले निघाले.

पडदा बावीस ते चोवीस इंची, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा घ्यावा. कळफलक मात्र देवनागरी अक्षरे छापलेला मागावा. इन्स्क्रिप्ट रचनेत स्वर डाव्या हातास व व्यंजने उजव्या हातास येतात. क ज्या कळेवर, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. ग वर घ, त वर थ, प वर फ. अल्पप्राण व महाप्राण एका घरात नांदविणारी ही योजना पाहून आमच्यासारख्या जुन्या संस्कृतच्या माणसास भारीच आनंद झाला. ज्यांनी वर्णमाला तोंडपाठ केली आहे, त्यांस ती आठवडाभरात साधते.

दराचे पत्रक घेताना 'आय-थ्री, १६ जीबी' एवढ्यावर समाधान मानू नये. प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी, एसएमपीएस या प्रत्येकाचा पूर्ण क्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी, आणि बिलाशी ताडून पाहावी. विंडोज परवान्याची आहे की कोठून उतरविलेली, हेही विचारावे. आमच्या दुकानदाराने प्रथम कपाळास आठ्या घातल्या, मग लिहून दिले.

जुन्या यंत्रात पुतण्याने एक लहानशी एसएसडी बसवून त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घातली. ते आता पाऊण मिनिटात सुरू होते. थोरले बंधू माजघरात त्यावर आमच्या वडिलांची जुनी पत्रे टंकलिखित करीत बसतात; एकोणीस झाली, अजून ट्रंकभर शिल्लक आहेत.