खोटे जग, खरे शरीर

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. त्यानंतर कितीतरी दिवस लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, रस्त्यावरून जड ट्रक गेला किंवा मांडणीवरचे भांडे वाजले, तरी माणसे झोपेतून उठून अंगणात धाव घेत. जमीन हललेली नसे. तरीही छाती धडधडे, तळहातांना घाम सुटे, तोंडाला कोरड पडे. मेंदूने एकदा 'धोका आहे' असे मानले की शरीर त्याची खातरजमा करीत बसत नाही. हल्ली ज्याला 'आभासी जग' म्हणतात, त्याचे सारे तंत्र शरीराच्या या स्वभावावर उभे आहे. त्याचा फायदा त्यातूनच होतो आणि त्रासही त्यातूनच.

आभासी जग म्हणजे काय? डोळ्यांवर एक खोक्यासारखा चष्मा चढवायचा. त्यात दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे चित्राला खोली येते. मान वळवली की चित्रही वळते. थोड्याच वेळात मेंदूला वाटू लागते की आपण खोलीत नसून कड्याच्या टोकावर उभे आहोत. अमेरिकेत इव्हान सदरलँड या शास्त्रज्ञाने १९६८ साली असे यंत्र डोक्याला लावण्याजोगे केले, पण ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. आज ते पिशवीत मावते. मॉलमध्ये, प्रदर्शनात मुले ते लावून पाहतात, आणि काही जण पाच मिनिटांत पांढरीफटक पडून खाली बसतात.

हा त्रास आपल्याला नवा नाही. माहूरगडाचा घाट चढताना बसमध्ये काहींना मळमळते, तोच हा प्रकार, फक्त उलटा. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. बसमध्ये ते सांगते 'आपण हलत आहोत', आणि समोरच्या सीटकडे लागलेले डोळे सांगतात 'सगळे स्थिर आहे'. आभासी चष्म्यात डोळे म्हणतात 'आपण धावत आहोत' आणि कान म्हणतो 'अहो, आपण तर उभे आहोत'. या दोन साक्षींचा मेळ बसेना की चक्कर, डोकेदुखी, उलटी. अशा वेळी चष्मा लगेच काढून बसावे, दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. बरे वाटेपर्यंत मोटारसायकल चालवू नये. ज्यांना मुळातच चक्कर येण्याचा विकार आहे त्यांनी आणि गर्भवतींनी या खेळाच्या वाटेला न गेलेले बरे. ज्यांना फिट येते त्यांनी अधिक जपावे, कारण झपाझप लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना झटका येऊ शकतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात दूरदर्शनवरील एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि त्या संध्याकाळी सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

आता कोणी म्हणेल, असला चष्मा आमच्या गावात कोणाकडे आहे? खरे आहे. पण त्याचे धाकटे भावंड घरोघरी आहे, आणि त्याचे नाव मोबाइल. लातूरच्या किंवा नांदेडच्या ट्यूशन एरियात फिरून पाहावे. उदगीर, अहमदपूर, मुखेड, किनवटकडची मुले-मुली खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहतात, मेसचा डबा खातात आणि दोन-दोन वर्षे 'नीट'चा अभ्यास करतात. सकाळी वर्ग, दुपारी सराव परीक्षा, रात्री त्याच वर्गाचे व्हिडिओ. प्रश्न मोबाइलवर, उत्तरे मोबाइलवर, मित्र मोबाइलवर आणि आईचे दर्शनही मोबाइलवरच. या मुलांना 'मोबाइल सोडा' असे सांगणे सोपे आहे, पण निरुपयोगी. त्यांचा फळाच आता मोबाइल झाला आहे. तो वापरून शरीर कसे राखावे, एवढेच आपल्या हाती उरते.

प्रथम डोळे. आपण साधारणपणे मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यांवरचा ओलावा सुकतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन वाचणाऱ्यांना हा त्रास दुप्पट होतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूर पाहावे, पापण्या मुद्दाम मिटाव्यात आणि कूलरचे तोंड फिरवावे. मेडिकल दुकानातून 'लाल डोळ्यांचे औषध' मागून आणून घालण्याची खोड मात्र वाईट. अशा काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस बरे वाटते. पण ते महिनोन् महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूची भीती असते.

दुसरे, लांबचे न दिसणे. लहान वयात डोळा वाढत असतो. तो प्रमाणाबाहेर लांबला की चष्म्याचा नंबर लागतो. सतत जवळचे पाहणे आणि उन्हाच्या उजेडात न जाणे ही त्याची दोन मोठी कारणे मानली जातात. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर पाठवले. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने नंबर लागलेली मुले सुमारे ३० टक्के भरली, तर इतर शाळांत जवळजवळ ४० टक्के. खर्च काही नाही, औषध नाही, फक्त मैदान. आपल्याकडे मैदानांवर कोणती बांधकामे उभी राहिली हा विषय निराळा.

मानेचे सांगायचे तर, आपले डोके सुमारे पाच किलोचे. केनेथ हंसराज या अमेरिकन शल्यचिकित्सकाने २०१४ मध्ये हिशेब मांडला की मान ६० अंश खाली झुकवली तर मणक्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर टेकवून ठेवावा. त्यासाठी दोन जाड पुस्तके पुरतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र झोपेचे होते, आणि त्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य तयार होऊ लागते आणि झोप येते. डोळ्यांजवळचा उजळ पडदा त्या कामात अडथळा आणतो. त्यातला मजकूर मन जागे ठेवतो ते वेगळेच. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के बसते ते झोपेत. म्हणजे रात्री दोनपर्यंत व्हिडिओ पाहणारा मुलगा ज्या वेळेत पाठांतर पक्के व्हायचे, नेमकी तीच वेळ खर्ची घालतो. झोपण्यापूर्वीचा एक तास कागदी पुस्तकाचा ठेवावा. मोबाइल उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवा. उठण्यासाठी गजराचे साधे घड्याळ आणावे. पालकांनीही रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल करून 'अजून झोपला नाहीस?' असे विचारू नये.

खेळाचे व्यसन हा आणखी एक प्रकार. खेळावर ताबा न राहणे, जेवण-अभ्यास-माणसे यांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, असे साधारण वर्षभर चालले तर जागतिक आरोग्य संघटना त्यास आजार मानते. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या तिच्या रोगयादीत त्याची नोंद आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण कायदा घराच्या आत किती पोहोचणार? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये आपला मार्ग काढला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो, तेव्हा घराघरांतील दूरदर्शन आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा. या दीड तासात मुले वाचतात. यात मोठ्यांचा मोबाइलही बंद होतो, म्हणून हा उपाय मला पटतो. स्वतः पडद्यात डोके घालून मुलाला रागावणाऱ्या बापाचे कोण ऐकणार? मुलगा एकटा राहू लागला, जेवण टाकू लागला, 'जगण्यात अर्थ नाही' असे बोलू लागला, तर ते नाटक समजू नये. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी मानसिक मदत रात्रंदिवस मोफत मिळते, मराठीतही.

आता दुसरी बाजू. भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलताना असह्य वेदना होतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात १९९० च्या दशकात अशा रुग्णांना आभासी चष्मा लावून बर्फाच्या दरीतून फिरवण्यात आले. मन बर्फात गुंतले आणि वेदना कमी जाणवली. उंचीची, विमानाची भीती घालवण्यासाठीही मानसोपचारतज्ज्ञ हे तंत्र वापरतात. रुग्णाला भीतीच्या वस्तूसमोर थोडे थोडे, सुरक्षित जागी उभे करायचे. सुरुवातीला छाती धडधडते, मग हळूहळू शरीरच शांत व्हायला शिकते.

आपल्या भागात मात्र याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे दुरून मिळणारा डॉक्टरी सल्ला. केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. किनवटच्या वृद्ध माणसाला नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारण्यासाठी त्याने दिवस आणि मजुरी का घालवावी? जाताना जुनी चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटे आणि साखर-रक्तदाबाची वही मात्र समोर ठेवून बसावे. मोबाइललाच लक्षणे विचारून स्वतः औषध ठरवण्याची जी नवी चाल निघाली आहे, तिला हा सल्ला समजू नये. पडद्यावरून पोट चाचपता येत नाही आणि छातीला नळी लावता येत नाही. छातीत दुखणे, एका बाजूची ताकद जाणे, सर्पदंश, विषबाधा, बाळंतिणीचा रक्तस्राव, तान्ह्या बाळाने दूध सोडणे यांपैकी काही असेल तर फोनवर बोलत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे.