संघ : मिश्रण की संयुग?

लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड यांचा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. दोन्ही नुसती एकत्र केली, तर लोहचुंबक फिरवून लोखंड पुन्हा वेगळे काढता येते. हे झाले मिश्रण. पण तीच पूड तापवली, की फेरस सल्फाइड तयार होते. त्यातून लोहचुंबकाने लोखंड वेगळे निघत नाही. हे झाले संयुग.

आता प्रश्न असा, की खेळाचा संघ म्हणजे मिश्रण की संयुग? सात चांगले कबड्डीपटू गोळा केले, की चांगला संघ आपोआप होतो, की त्यांच्यात आणखी काही जुळावे लागते? इंग्रजी बोलणारे क्रीडाशौकीन या जुळण्याला ‘टीम केमिस्ट्री’, म्हणजे संघाचे रसायन असेच म्हणतात.

हा प्रश्न केवळ गप्पांचा नाही. रिसोड असो, कारंजा असो की मानोरा, तालुका स्पर्धेसाठी शाळेचा संघ निवडताना तो पुढे येतोच. “तो खेळतो चांगला, पण त्याचे आमच्याशी जमत नाही,” एवढ्या एका वाक्यावर एखाद्या मुलाची किंवा मुलीची संधी जाऊ शकते. म्हणून या वाक्यात कितपत तथ्य आहे, हे तपासून पाहायला हवे.

दोराची साक्ष

माक्सिमिलियाँ रिंगेलमान हे फ्रान्समधील शेतकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक. बैल, घोडे, माणसे आणि यंत्रे यांच्याकडून शेतीचे काम जास्तीत जास्त कसे करून घेता येईल, याचा ते अभ्यास करीत. १८८० च्या दशकात त्यांनी माणसांना ओढ मोजण्याच्या उपकरणाला बांधलेला दोर ओढायला लावला. आधी एकेकट्याला, मग अनेकांना मिळून. त्यांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकट्या माणसाची ओढ १०० टक्के धरली, तर दोघे मिळून ओढताना दर माणशी ओढ ९३ टक्के भरली, तिघांत ८५ टक्के आणि आठ जणांत अवघी ४९ टक्के!

हिशेब करून पाहा. प्रत्येकी ५० किलोग्रॅमची ओढ देणारे आठ गडी असतील, तर बेरीज ४०० व्हायला हवी. प्रत्यक्षात हाती येतात सुमारे १९६. उरलेली ओढ गेली कुठे?

तिला दोन वाटा फुटतात. पहिली वाट ताळमेळाची. सर्वांचा हिसका एकाच क्षणी आणि एकाच दिशेने बसत नाही. दुसरी वाट अंगचोरपणाची. “एवढे जण आहेत, मी थोडे कमी ओढले तर काय बिघडले?” असे मन नकळत म्हणते. १९७४ साली अमेरिकेतील ॲलन इंगहॅम यांनी या दोन वाटा वेगळ्या केल्या. त्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे आणखी माणसे ओढत आहेत, असा त्याचा समज करून दिला. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता, म्हणजे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्याची ओढ कमी झाली! पुढे झालेल्या प्रयोगांत असेही दिसले, की प्रत्येकाचे काम वेगळे मोजले जाते हे ठाऊक असेल, तर अंगचोरपणा बराच कमी होतो.

म्हणजे ‘संघाचे रसायन’ ही काही गूढ वस्तू नव्हे. ताळमेळ किती आणि झटून प्रयत्न किती, या दोन मोजता येण्याजोग्या गोष्टी त्यात आहेत. मैत्री ही तिसरी आणि वेगळी गोष्ट आहे.

प्रत्येक खेळाचे रसायन वेगळे

कबड्डीत चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, तेव्हा कोपऱ्यातला खेळाडू त्याचा घोटा धरतो. शेजारच्याने त्याच क्षणी झेप घेतली नाही, तर दोघेही बाद होण्याचा धोका असतो. खो-खोत आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. खो मिळण्यापूर्वी उठला तर नियमभंग, उशिरा उठला तर गडी निसटला. हे खेळ संयुगाच्या जवळचे आहेत.

याउलट अमेरिकेतला बेसबॉल घ्या. त्यात नऊ खेळाडू असतात. पण बहुतेक वेळ सामना चालतो तो चेंडू टाकणारा आणि फटकावणारा या दोघांत. ताळमेळ लागतो तो काही ठरावीक ठिकाणी, उदाहरणार्थ चेंडू टाकणारा आणि त्याच्या समोरचा झेलणारा यांच्या खाणाखुणांत. म्हणून बेसबॉलचा संघ मिश्रणाकडे झुकतो. ओकलंड ॲथलेटिक्स या संघाची भांडणे प्रसिद्ध होती. १९७४ च्या जूनमध्ये रेजी जॅक्सन आणि बिली नॉर्थ या दोघा सहखेळाडूंची कपडे बदलण्याच्या खोलीतच मारामारी झाली. तरीही १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे व्यावसायिक बेसबॉलचे अजिंक्यपद याच संघाने मिळवले.

क्रिकेट या दोहोंच्या मध्ये बसते. चेंडू टाकणे, फटकावणे ही कामे एकेकट्याची. पण धाव काढणे मात्र जोडीचे. २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरला केरळविरुद्ध विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली होती. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. ती जोडी फुटली, तीही गोलंदाजामुळे नव्हे. धाव घेण्याच्या गोंधळात नायर ८६ धावांवर धावबाद झाला. मालेवारने १५३ धावा केल्या. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. जुळणे आणि चुकणे या दोहोंची किंमत त्या एकाच भागीत दिसली.

आधी मैत्री की आधी विजय?

येथे एक सापळा आहे. जिंकणारे संघ एकदिलाचे दिसतात, हे खरे. पण एकदिलाने विजय मिळतो, की विजयाने एकदिली येते? अमेरिकेतील ब्रायन मलेन आणि कॅरोलिन कॉपर यांनी १९९४ साली ४९ अभ्यास एकत्र करून तपासले. एकी आणि यश यांचा संबंध त्यांना आढळला. मात्र यशाने एकी वाढते, हा परिणाम उलट दिशेच्या परिणामापेक्षा जास्त ठळक होता. शिवाय खरा उपयोग होत होता तो एकमेकांच्या आवडीचा नव्हे, तर हाती घेतलेल्या कामावरील समान निष्ठेचा.

सत्यम मुखर्जी, नोशीर कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली बास्केटबॉल, फुटबॉल, बेसबॉल आणि आपली आयपीएल यांतील सामन्यांचे आकडे तपासले. खेळाडूंचे कौशल्य हिशेबात धरल्यावरही, जे पूर्वी एकत्र खेळून जिंकले आहेत त्यांची पुढे जिंकण्याची शक्यता वाढते, असे त्यांना दिसले. म्हणजे मिश्रणासारख्या बेसबॉलमध्येही रसायनाचा थोडा अंश असतोच. पण तो एकत्र खेळून येतो.

मग “त्याचे आमच्याशी जमत नाही” या वाक्याचे काय करायचे? ते तक्रार म्हणून ऐकावे, निकाल म्हणून नव्हे. ताळमेळ सरावाने येतो आणि नव्या मुलाला सरावच मिळाला नसेल, तर तो जुळणार कसा? आधी काही दिवस बरोबर खेळवावे, मग ठरवावे.

करून पाहा

धान्य तोलण्याचा टांगता वजनकाटा झाडाच्या बुंध्याला पक्का बांधा आणि त्याच्या आकड्याला जाड दोर अडकवा. काट्याची मर्यादा आधी पाहून घ्या. हे सर्व शिक्षकांच्या देखरेखीखाली करा आणि दोर हाताला गुंडाळू नका. प्रत्येकाने तीनदा ओढावे व सरासरी काढावी. मग दोघादोघांच्या जोड्या करा. जोडीची ओढ भागिले दोघांच्या ओढींची बेरीज, गुणिले १००, हा झाला जोडीचा ‘मेळांक’.

काही जोड्या घट्ट मित्रांच्या घ्या आणि काही एरवी फारसे न बोलणाऱ्यांच्या. दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांना आठवडाभर एका हाकेवर ओढण्याचा सराव द्या व पुन्हा मोजा. मेळांक मैत्रीने जास्त येतो की सरावाने, हे तक्त्यात मांडा. तुमच्या शाळेचा संघ निवडताना तो तक्ता उपयोगी पडेल.