नक्कल, अस्सल आणि एका निमिषाची शर्यत

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकाविषयीचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण ज्या दोषाविषयी मी लिहिणार आहे, तो समजण्यास गणित लागत नाही. सातबाऱ्याची नक्कल कधी काढली असेल, तर तेवढा अनुभव पुरेसा आहे.

संगणकातील सर्व व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या मूळ आज्ञावलीस कर्नल म्हणतात. कोणी काय वाचावे आणि कोठे लिहावे, हे तो ठरवितो. स्मृतीची काटकसर व्हावी म्हणून लिनक्सचा कर्नल एकच पान अनेक वाचकांना दाखवितो. एखाद्याने त्यात स्वतःपुरता बदल करू म्हटले, की तेवढ्यापुरती वेगळी नक्कल करून देतो. या पद्धतीस 'कॉपी ऑन राइट' म्हणतात.

आता आमच्या चेणे गावच्या एखाद्या सातबाऱ्याची कल्पना करा. घोडबंदर रस्त्यालगतच्या जमिनीला आलेले मोल पाहता, अस्सल उताऱ्यावरचा एक आकडा बदलला तरी केवढा अनर्थ होईल, हे सांगावयास नको. एक इसम येऊन म्हणतो, "मला यावर लिहायचे आहे." कारकून नक्कल तयार करतो आणि 'आता हरकत उरली नाही' अशी मनाशी खूणगाठ बांधतो. पण ती हाती देण्यापूर्वीच त्या इसमाचा जोडीदार नक्कल टोपलीत टाकतो. कारकून पुन्हा पान शोधू लागतो. हरकत तर मिटलेली आहे, म्हणून तो अस्सल उताराच पुढे सरकवितो!

लिनक्समध्ये नेमके असेच घडत होते. एकाच कार्यक्रमाचे दोन धागे एकाच वेळी चालवावयाचे. एकाने लिहीत राहावयाचे, दुसऱ्याने 'ही नक्कल टाकून द्या' असे सांगत राहावयाचे. दोघांची वेळ जुळली, की सामान्य वापरकर्त्याचे अक्षर अस्सल पानावर उमटे आणि त्या आधारे तो साऱ्या यंत्राचा धनी होऊ शके. २००७ सालच्या २.६.२२ आवृत्तीपासून असलेला हा दोष २०१६ च्या ऑक्टोबरात फिल ओएस्टर यांनी उघडकीस आणला. त्यांच्या सर्व्हरवर झालेल्या हल्ल्याची आज्ञावली त्यांनी जपलेल्या नोंदींतून हाती लागली. पद्धतीच्या आद्याक्षरांवरून त्याला 'डर्टी काऊ' हे नाव पडले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ही फट अकरा वर्षांपूर्वीच बुजविण्याचा प्रयत्न केला होता. पण आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर अडचणी आल्याने तो उपाय मागे घेण्यात आला. तेव्हा ही शर्यत केवळ तात्त्विक वाटत होती. पुढे कर्नल सुधारत गेला, तशी ती जिंकणे सोपे झाले.

याची चाचणी मी घरच्या संगणकात एक आभासी संगणक उभारून घेतली. परक्याच्या यंत्रावर असा प्रयोग करणे हा गुन्हा होय. त्यात २०१४ सालच्या उबुंटूचा मूळ कर्नल घातला. मुख्य वापरकर्त्याच्या मालकीची, इतरांना केवळ वाचता येईल अशी एक फाइल केली. मग सामान्य वापरकर्ता म्हणून दोन्ही धागे सोडले. थोड्या वेळाने फाइल उघडली, तो मजकूर बदललेला! सुधारलेल्या कर्नलवर तोच प्रयोग केला असता फाइल जशीच्या तशी राहिली.

येथे एक सावधगिरी हवी. शर्यतीचा निकाल दैवावर असतो. फाइल एकदा बदलली, तर दोष निश्चित सिद्ध होतो. हजारदा बदलली नाही, तरी निर्दोषत्व सिद्ध होत नाही. म्हणून केवळ चाचणीवर न विसंबता कर्नलमध्ये दुरुस्ती आली आहे काय, हे पाहावे लागते. ४.८.३ या आवृत्तीत ती आली आणि जुन्या शाखांनाही पुरविण्यात आली. तिचे मर्म साधे आहे: कारकुनाने हरकत पुसून टाकावयाची नाही, 'नक्कल केली' असे टिपून ठेवावयाचे आणि ती नक्कल खरोखर हाताशी आहे याची खात्री करूनच लिहू द्यावयाचे.

अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच असतो. २०१६ पूर्वीचा, नंतर कधीही सुधारणा न मिळालेला जुना फोन आपल्यापैकी कोणाच्या घरी वापरात असेल, तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढी विनंती. परवानगी दिली तो क्षण आणि ती वापरली तो क्षण, यांमधील अंतरात काय घडते, हे पाहणाराच खरा राखणदार!